पाणी मागावे कोणी?

चाळीसगावच्या रेल्वे स्थानकावर १९२९ साली जो प्रसंग घडला, तो खानदेशातील बौद्ध कुटुंबांना नव्याने सांगावा असे नाही. तरीही त्यातील एका बारकाव्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही, म्हणून तो येथे पुन्हा मांडतो. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावी सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावी परतले. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैल. बाहेर भाड्याचे टांगे उभे होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना आपल्या प्रतिष्ठेला साजेसे वाटेना. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे वस्तीच्या मनाला पटेना. अखेर तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतीलच एक जण, ज्याला या कामाचा सराव नव्हता, लगाम धरून बसला. नदीवरील कठडे नसलेल्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला.

बारकावा हा की, टांगेवाल्याने भाडे घेतले. नाण्याला विटाळ लागला नाही, घोड्याला लागला नाही, टांग्याच्या गादीलाही लागला नाही. विटाळ होता तो एका बॅरिस्टराच्या पुढ्यात बसून दोन मैल जाण्याला, वाटेत चार शब्द बोलावे लागतील त्याला.

हाच हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाईनच्या भूमीवर मांडला गेला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात त्याची हकीकत आहे. आपण ख्रिस्ती नाही व होणारही नाही. परंतु दुसऱ्याच्या ग्रंथातील साक्ष उपयोगी असेल तर ती तपासण्यास बौद्धाला संकोच वाटण्याचे कारण नाही. येशू यहूदी होते. शोमरोन प्रांतातून जात असता सूखार गावाजवळ, याकोबाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विहिरीपाशी, ते भर दुपारी थकून बसले. शिष्य गावात अन्न विकत आणावयास गेले होते. म्हणजे शोमरोन्याच्या बाजारात पैसे टाकून भाकर घेण्यास यहूद्यांची हरकत नव्हती! इतक्यात एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली आणि येशूंनी तिच्याकडे प्यावयास पाणी मागितले. ती चकित झाली. यहूदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावे, हे तिच्या ऐकिवात नव्हते. ग्रंथकार खुलासा करतो की, या दोन लोकांत व्यवहार नव्हता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काही पंडित असा लावतात की, ते एकमेकांची भांडी वापरीत नसत. पंडितांचा हा अर्थ बरोबर असावा असे आम्हाला वाटते. आमच्या आजोबांच्या पिढीला तो समजण्यासाठी कोश उघडावा लागला नसता.

हे शोमरोनी होते तरी कोण? कोणी परदेशी, परभाषी, परधर्मी नव्हेत. तेही स्वतःला इस्राएलचेच वंशज म्हणवीत, मोशेचे पाच ग्रंथ मानीत, शब्बाथ पाळीत, सुंता करीत. भेद मुख्यत्वे एका डोंगराचा होता: देवाची उपासना यरुशलेमात करावयाची की गरिज्जीम डोंगरावर? एवढ्या भेदापायी काय झाले ते पाहा. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हुर्कानस या यहूदी राज्यकर्त्याने गरिज्जीमवरील मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे येशूंच्या बालपणाच्या सुमारास काही शोमरोन्यांनी ऐन सणात यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडे टाकून ते विटाळले, असे इतिहासकार जोसेफस नमूद करतो. यहूद्यांच्या तोंडी ‘शोमरोनी’ ही शिवी झाली होती, आणि ती एकदा स्वतः येशूंनाही देण्यात आली. आज ते शोमरोनी नाब्लूसजवळील त्याच डोंगरावर व होलोन शहरात मिळून हजाराच्याही आत उरले आहेत.

दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. दोन अनोळखी माणसांचा दावा तडजोडीने मिटतो. सख्ख्या भावांचा बांधाचा दावा तीन पिढ्या चालतो. शत्रुत्व जितके जवळचे तितके ते चिवट.

येशूंच्या बाजूने साक्ष काढताना विरुद्ध पुरावा दडवणे आम्हास मान्य नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांनीच शिष्यांना शोमरोन्यांच्या गावात जाऊ नका असे बजावल्याचे लिहिले आहे. आपल्या आजारी मुलीसाठी पदर पसरणाऱ्या एका कनानी आईला त्यांनी प्रथम जे उत्तर दिले, त्यात मुलांची भाकर कुत्र्यांना घालण्याची उपमा आहे. ती आमच्या कानांना बोचते. पण त्या बाईने तिथल्या तिथे प्रत्युत्तर दिले आणि येशूंनी आपला शब्द फिरवला, हेही तेथेच नमूद आहे. परक्याशी बोलणारा माणूस बोलता बोलता स्वतःही बदलतो. भगवान बुद्धांच्या पंथात याला दोष मानलेला नाही.

विहिरीवरच्या संवादातील आम्हास महत्त्वाची वाटते ती त्याची सुरुवात. येशूंनी त्या बाईला काही दिले नाही, तिच्याकडे मागितले. दोर तिचा, घागर तिची, विहिरीला खोली फार. आणि हा तहानलेला माणूस रिकाम्या हाताने बसलेला. दान देणारा वर उभा राहतो. पाणी मागणाऱ्याला ओंजळ खाली धरावी लागते. पुढे बोलणे वाढले तेव्हा त्यांनी मतभेदही झाकला नाही. तारण यहूद्यांमधून येणार, हे आपले मत त्यांनी तिच्या तोंडावर सांगितले. आणि त्याच दमात हेही की, उपासना या डोंगरावरही नाही व यरुशलेमातही नाही अशी वेळ येत आहे. मग गावकऱ्यांच्या आग्रहावरून ते तेथे दोन दिवस राहिले. दोन दिवस राहणारा माणूस कोणाच्या तरी ताटात जेवतो, हे शुभवर्तमानकाराने लिहिले नाही तरी कळते.

धम्मबांधव-भगिनींनो, असाच प्रसंग आपल्या ग्रंथातही आहे. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात प्रकृतीची कथा घेतली आहे. श्रावस्तीत भिक्षाटन संपवून भदंत आनंद पाणी पिण्यास निघाले. नदीकाठी एक मुलगी घागर भरीत होती. तिच्याकडे त्यांनी पाणी मागितले. आपण चांडाळकन्या आहोत असे तिने सांगताच, मला पाण्याशी काम आहे, तुझ्या जातीशी नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे भगवान बुद्धांनी तिच्याशी बोलून तिला संघात घेतले. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात हीच कथा विस्ताराने आली आहे. तिच्या दीक्षेने श्रावस्तीचे ब्राह्मण व खुद्द राजा प्रसेनजित कसे अस्वस्थ झाले, याचेही वर्णन तेथे आहे. कोणी कोणाकडून काय घेतले, हा वाद आम्हाला करावयाचा नाही. पण ‘दिव्यावदानात’ त्या मुलीचा जो उल्लेख आहे तो वाचून खानदेशातील बौद्धाने थोडा वेळ थांबावे. ती मातंगकन्या आहे.

आपण स्वतःला नेहमी विहिरीवरची ती बाई समजतो. ते खोटे नाही. महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७ रोजी आपल्यासाठी खुले केले गेले, मग तेथील सवर्णांनी त्याची ‘शुद्धी’ केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागण्यास १९३७ चा मार्च उजाडला. परंतु आपल्याही पलीकडे कोणी आहे काय, ज्याच्या दृष्टीने आपण यहूदी आहोत? जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यात वाकडी येथे मातंग समाजाची दोन अल्पवयीन मुले शेतातील विहिरीत पोहली म्हणून त्यांना विवस्त्र करून मारण्यात आले व त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. ज्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला त्यांतील एक स्वतः भटक्या जमातीतील असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. त्या वेळी आपल्या सभांतून निषेधाचे ठराव झाले, ते योग्यच झाले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही आपल्याच एका लग्नाला गेलो होतो. वधूवरांनी त्रिशरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञांचे वाचन झाले, सर्व मनुष्यमात्र समान असल्याची नववी प्रतिज्ञा खणखणीत आवाजात म्हटली गेली; आणि वाजंत्री वाजवणाऱ्या मातंग मंडळींच्या पत्रावळी मांडवाबाहेर, पाण्याच्या टाकीपलीकडे मांडल्या गेल्या. कोणी तसे करण्यास सांगितले नव्हते. सवयीने झाले. आम्हीही त्या दिवशी बोललो नाही, आणि हा अग्रलेख लिहिताना ते आठवते.

कायद्याने हे सुटणार नाही, हे कायद्याचाच माणूस म्हणून सांगतो. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणी पाळली याचा भेद न करता. १९५५ च्या कायद्यातही आरोपीची जात पाहिलेली नाही. मात्र १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जातीतील माणसाने दुसऱ्या अनुसूचित जातीच्या माणसावर केलेल्या कृत्याला लागू होत नाही. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही त्या यादीत आहेत. शिवाय मांडवातल्या पत्रावळीसाठी कोणता वाजंत्री फिर्याद द्यायला जाणार आहे?

काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी मार्ग सर्वांसाठी उघडला होता, त्यांनी यावे. यरुशलेमचे पुरोहितही शोमरोन्यांना याहून वेगळे काय सांगत होते? जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदयात’ निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकातच मांग व महार या दोघांचे दुःख एकत्र जोडले होते. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली आपली ‘फकिरा’ कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्या बाजूने हात पुढे आलेला आहे; त्याची नोंद आपण किती घेतली?

आता तर बोलण्यात नवे विष कालवले जात आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली. त्यावरून एका अंगणातील दोन घरे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आहेत. उपवर्गीकरणाविषयी आमची मते आम्ही या पाक्षिकात यथावकाश मांडू, आणि ती मातंग बांधवांपासून लपविणार नाही. मतभेद असतानाही पाणी मागता येते. सूखारच्या विहिरीवर ते मागितले गेले होते.

आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील विहार समित्यांना आमची विनंती आहे की, प्रकृतीची कथा ज्या दिवशी वाचावयाची असेल त्या दिवशी ग्रंथ घेऊन मातंग वस्तीत जावे, तेथील वडीलधाऱ्यांना आधी विचारून, त्यांच्याच एखाद्या ओट्यावर बसून वाचावे. नंतर त्यांचे म्हणणे ऐकावे. ते कडू असले तरी मध्ये बोलू नये. खाऊ, साड्या, वह्या वाटू नयेत. आणि पिण्याच्या पाण्याचे जार सोबत नेऊ नयेत.