वेसावे ते घाटकोपर, व्हाया बेंजो

मुंबईच्या उपनगरांत ‘कंट्री’ म्हटलं की आधी आठवतो तो नाक्यावरचा कंट्री बार. त्या नावाचा गाण्याचा प्रकार कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचं मात्र या एका शब्दावर पोट चालतं. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा तिथला रेडिओ कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे आणि कंट्री गायकांसाठी १९६७ पासून चक्क संग्रहालय आहे.

आपल्याकडे असलं काही नाही, असं वाटणाऱ्याने बोरिवली किंवा मुलुंडमधल्या एखाद्या हळदीला जाऊन यावं.

तिथे बेंजो वाजत असतो. अमेरिकन बॅन्जोशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. तो बॅन्जो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांतून घडला. आपल्या बेंजोचं आजोळ थेट जपानात! १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेलं ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य तयार केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, पुढे त्याला पिकअप आणि ॲम्प्लिफायर लागला, शेजारी ढोल-ताशे उभे राहिले आणि गल्लोगल्ली बेंजो पार्ट्या निघाल्या. रितेश देशमुखला घेऊन रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बेंजो’ नावाचा हिंदी चित्रपटही काढला. तरीही बेंजोवाल्याची ओळख ‘तो वाजवणारा’ याच्या पुढे काही सरकली नाही.

या बेंजोवर हमखास वाजतं ते कोळीगीत. सहा मात्रांचा तो ठेका सुरू झाला की खुर्चीतली आत्याही उठते. कोळीगीताला प्रतिष्ठा नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. ‘मी डोलकर’ लिहिलं पुणे जिल्ह्यातल्या शान्ता शेळके यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि आवाज लतादीदींच्या जोडीला बंगाली हेमंतकुमारांचा. कोळीवाड्याबाहेरच्या एवढ्या मंडळींनी होडी वल्हवली आणि ती मध्यमवर्गाच्या दिवाणखान्याला लागली. पण कोळीवाड्यातल्यांनी स्वतः वल्हवलेली होडी? वेसाव्याचे, म्हणजे वर्सोव्याचे, शाहीर काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कॅसेटच्या जमान्यात ‘वेसावची पारू’ घरोघरी पोचवली. पारूवर नाचायला घाटकोपरचा गुजराती नवरदेवही तयार असतो. चिंचय हे नाव मात्र शंभर वऱ्हाड्यांत एखाद्याला ठाऊक असेल.

शिंदे घराण्याचं नशीब त्या मानाने बरं. प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांशिवाय उपनगरातली आषाढी उजाडत नाही आणि त्यांच्या भीमगीतांशिवाय चौदा एप्रिल साजरा होत नाही. चिरंजीव आनंद शिंदे यांनी वैशाली सामंतबरोबर ‘जत्रा’ चित्रपटात (२००६) ‘कोंबडी पळाली’ गायलं. त्याच कोंबडीला अजय-अतुल यांनी सहा वर्षांनी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ केलं, तेव्हा दिल्लीपर्यंतची लग्नं तिच्यावर नाचली. नातू आदर्शने वडिलांबरोबर ‘आवाज वाढव डीजे’ म्हटलं, ती विनंती सोसायट्यांनी जरा जास्तच मनावर घेतली.

प्रश्न एवढाच आहे की, पाय ज्या गाण्यावर थिरकतात, त्यासाठी हात तिकिटाच्या खिशाकडे का जात नाही? बोरिवलीचं प्रबोधनकार, मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ अशी नाट्यगृहं दाराशी आहेत. तिथे जुन्या हिंदी गाण्यांच्या मैफली मन लावून ऐकल्या जातात. कोळीगीतांची किंवा भीमगीतांची तिकीट लावलेली संध्याकाळ तिथे क्वचितच दिसते. कलिन्याला विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पण अकादमीत शिकलेल्याला अंधेरीत प्रेक्षक मिळायला हवा की नको?

ही गाणी फक्त नाचायची नाहीत, हेही उपनगराला माहीत आहे. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात माणसं गेली, तेव्हा मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी व्यथित होऊन जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथूनच सुरू होतो. एवढं सोसलेल्या गाण्याला निदान नावानिशी हाक मारावी.

गंमत म्हणजे वेसाव्याचा कोळीवाडा आणि घाटकोपरच्या वस्त्या ही गाण्याची दोन गावं आता एकाच मेट्रोने जोडली आहेत. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. नॅशव्हिलने अशा मार्गाला कधीच ‘म्युझिक लाइन’ म्हटलं असतं आणि वर टी-शर्टही विकले असते. आपल्याकडे वर्सोवा स्थानकात उतरल्यावर कोळीवाड्यासाठी पुन्हा रिक्षा करावी लागते, आणि रिक्षावाला म्हणतो, “उधर नहीं जाएगा.”

हळदी मात्र जोरात आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम असल्याने दहाला पाच कमी असताना बेंजोवाला विचारतो, “शेवटचं कुठलं घेऊ?” नवरीचा मामा, डीजेवर रुसलेली पोरं, वॉचमन, सगळे एकदमच ओरडतात, “पारू!”