रान लावायचे की नुसती रोपे?

दर पावसाळ्यात आपल्याकडे वनमहोत्सव होतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी सुरू केलेली ही प्रथा वाईट नाही. पण तिच्यात मोजली जातात ती लावलेली रोपे; तिसऱ्या उन्हाळ्यात किती उरली, याची वही कोणी ठेवीत नाही. आणि झाडे तरी कोणती? वर्षानुवर्षे निलगिरी आणि अकेशिया! कारण काय, तर झटपट वाढतात आणि गुरे तोंड लावीत नाहीत. ज्या पाल्याला गुरे तोंड लावीत नाहीत त्याचा गावाला उपयोग काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

एकदा विचारले होते, आणि तेही आपल्या शेजाऱ्यांनीच. १९८४ साली कर्नाटक सरकारने एका खाजगी कारखान्याशी भागीदारी करून सुमारे ३०,००० हेक्टर जमीन, त्यात गावोगावची गायरानेही, निलगिरीच्या लागवडीसाठी देऊ केली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी हानगल तालुक्यातील कुसनूर येथे सुमारे २,००० माणसे जमली. त्यांनी निलगिरीची शंभरेक रोपे उपटली आणि तेथेच फळांची व चाऱ्याची झाडे लावली. सत्याग्रहाचे नाव ‘कित्तिको-हच्चिको’: उपटा आणि लावा. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हा अर्थ सांगायची गरज नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो ‘हच्चिको’. उपटणे एका सकाळचे काम. काय लावायचे हे ठरवायला रान माहीत असावे लागते. खानापूर, जांबोटीकडे एस.टी.तून जाताना नीट पाहा. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ आणि त्यांच्या पायाशी करवंदाच्या जाळ्या. उंबर फळला की धनेश, हरियाल आणि वटवाघळे येतात व जाताना इतर झाडांचे बी टाकून जातात. अशी फुकटची लागवड कोणत्याही समितीला जमायची नाही.

भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाले, चांगले झाले. पण मी बोलतो आहे ते गावालगतच्या दोन-चार एकर उघड्या माळाविषयी. तेथे कुंपण घालून गावाला बाहेर ठेवले तर रान टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली काही वर्षे गुरे आत नकोत, हे खरे. पण गवत कापून नेण्याचा, करवंदे-जांभळे वेचण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून गावाचा असावा. झाडांची यादीही गावातल्या म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून करावी. आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांना लॅटिन नावे येतात, पण कोणते झाड कोणत्या उतारावर जगते ते त्यांना ठाऊक असते.

ही झाडे सावकाश वाढतात, अशी तक्रार होईल. होऊ द्या. पदवीच्या तीन वर्षांत सावली मिळावी, हा हट्ट कशाला?

आरंभाला पैसाही फारसा लागत नाही. जांभळाचे बी वाळले की रुजत नाही, ते ताजेच पेरावे लागते. जांभळे बाजारात येतात तेव्हाच कॉलेज उघडायच्या सुमारास पाऊसही येतो. तेव्हा यंदा बिया थुंकून टाकू नका, जिमखान्याच्या खोलीत एक ओले पोते ठेवू, त्यात आणून टाका.