अर्धवट घराची भरपाई कोण देणार?

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपण मराठीत म्हणतो. याच अंकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र तीच गोष्ट 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' अशा शब्दांत सांगतात. भाषा दोन, अनुभव एक! सीमाभागात आपले इतर बाबतीत कितीही मतभेद असोत, उचल घेऊन नाहीशा झालेल्या कंत्राटदाराच्या शोधात निघालेले मराठी आणि कन्नड घरमालक मात्र एकाच वाटेवर भेटतात.

शहापूर, वडगाव, अनगोळपासून कणबर्गीपर्यंत एक फेरफटका मारा. स्लॅब पडला आहे पण गिलावा नाही, चौकटी आहेत पण दारे नाहीत, अशी घरे दिसतील. सगळीच कंत्राटदारामुळे अडलेली नसतात. कुठे मालकाचाच पैसा संपलेला असतो. पण पुष्कळ ठिकाणी कहाणी ठरलेली असते. प्लिंथपर्यंत काम झपाट्याने होते. स्लॅबच्या वेळी मोठी उचल मागितली जाते. मग गवंडी दुसऱ्या साईटवर जातात, 'सोमवारी माणसे लावतो' असे आठ सोमवार जातात, आणि शेवटी फोनही लागेनासा होतो. तेवढ्यात बेळगावचा पावसाळा येतो. उघड्या सळ्या गंजतात, सिमेंटच्या पिशव्या दगड होतात. राहत्या घराचे भाडे आणि न झालेल्या घराचा बँकेचा हप्ता, दोन्ही एकाच पगारातून जातात.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी याचा साधा हिशेब मांडतो. समजा, १८ लाखांना काम ठरले. मालकाने १२ लाख दिले आणि कंत्राटदाराने काम सोडले. देणे राहिले ६ लाख. उरलेले काम पुरे करायला दुसरा कंत्राटदार १३ लाख मागतो, कारण दुसऱ्याने सोडलेले काम हाती घ्यायला कोणी राजी नसतो. म्हणजे मालकाचे नुकसान ७ लाखांचे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून अशी भरपाई मागता येते. हे कलम आपण वर्गात पाठ करतो आणि परीक्षेत लिहून येतो. प्रश्न असा की, ते ७ लाख प्रत्यक्षात हातात पडतात का?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. १९९३ साली ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन घरबांधणी ही 'सेवा' ठरली. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. ५ लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे शुल्काशिवाय तक्रार करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. पण कैदेने भिंत उभी राहत नाही! ज्याच्या नावावर ना घर, ना जमीन, ना बँकेत शिल्लक, त्याच्याकडून वसूल काय करणार? आदेश हा कागद असतो, आणि कागदाने छप्पर गळायचे थांबत नाही.

कित्येकांना वाटते की, 'रेरा' आहे ना! २०१६ चा तो कायदा फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला त्यात नोंदणीची सक्ती नाही. आपल्याच दोन गुंठ्यांवर मेस्त्रीला काम देऊन घर बांधून घेणारा शिक्षक, कारकून किंवा दुकानदार त्या छत्रीखाली येतच नाही.

आता सरकार स्वतःचे काम करून घेताना काय करते ते पाहा. कंत्राटदाराची नोंदणी तपासते, निविदेबरोबर इसाऱ्याची रक्कम घेते, बिलातून सुरक्षा ठेव कापून ठेवते. म्हणजे कंत्राटदार मध्येच काम सोडू शकतो, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. मग हीच दक्षता सामान्य नागरिकासाठी का नाही?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने याला एक उत्तर शोधले आहे. तेथे घरकाम करणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांच्या शुल्कातून एक भरपाई निधी चालतो. काम अर्धवट किंवा निकृष्ट ठरले, तर राहत्या घराच्या मालकाला त्यातून जास्तीत जास्त ३०,००० डॉलर मिळू शकतात. निधीने भरलेली रक्कम व्याजासह परत करीपर्यंत त्या कंत्राटदाराचा परवाना निलंबित राहतो. मात्र बिनपरवाना माणसाला काम दिले असेल, तर निधीतून काही मिळत नाही. ही अट वरवर निष्ठुर दिसते, पण तिच्यामुळेच लोक काम देण्यापूर्वी परवाना विचारू लागतात. कॅलिफोर्नियात निराळी रीत आहे. तेथे प्रत्येक कंत्राटदाराला हमीपत्र द्यावे लागते. २०२३ पासून त्याची रक्कम २५,००० डॉलर आहे. पण एकाच कंत्राटदाराने दहा जणांना फसवले, तर त्या एकाच रकमेचे दहा वाटे होतात. म्हणून मला निधीची पद्धत अधिक न्याय्य वाटते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विमा मिळतो, आणि त्याचा हप्ता बँका भरतात. १९६२ साली १,५०० रुपयांपासून सुरू झालेले ते संरक्षण २०२० साली ५ लाखांपर्यंत गेले. तसेच बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो; २०२५ पर्यंत तो १९९६ च्या कायद्याने १ टक्का घेतला जात होता आणि स्वतःसाठी बांधलेले १० लाखांपर्यंतचे घर त्यातून वगळले होते. तो पैसा मजुरांचा आहे, त्याला हात लावू नये. पण वसुलीची वाट तयार आहे, एवढे तरी दिसते.

म्हणून माझी सूचना अशी. १० लाखांवरील घराचे काम घेणाऱ्याला राज्यात नोंदणी सक्तीची करावी. त्याने कामाच्या रकमेच्या पाव टक्का एका निधीत भरावा. २० लाखांच्या घरामागे हे ५,००० रुपये होतात. ते शेवटी मालकाच्याच खिशातून जातील, हे उघड आहे. पण ७ लाखांच्या धोक्यापुढे हा विमाहप्ता जड नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. थापी घेऊन वर आलेल्या गरीब मेस्त्रीच्या मागे आणखी एक कचेरी लागेल आणि चिरीमिरीचे नवे दार उघडेल. म्हणून नोंदणी साधी असावी, परीक्षा नको, आणि लहान दुरुस्तीची कामे वगळावीत. शिवाय दोष नेहमी एकाच बाजूचा नसतो. दर आठवड्याला नकाशा बदलणारे आणि झालेल्या कामाचे पैसे अडवणारे मालकही आहेत. तेव्हा दोघांचे ऐकून, अभियंत्याकडून मोजमाप करून मगच निधीतून पैसे द्यावेत. प्रामाणिक मेस्त्रीचा यात तोटा नाही. आज एका फरारी माणसामुळे सगळ्या मेस्त्रींकडे संशयाने पाहिले जाते. नोंदणीने त्याची पत वाढेल.

असा कायदा होईपर्यंत निदान करार लिहून घ्यावा, झालेल्या कामापुरतेच पैसे द्यावेत, ते बँकेमार्फत द्यावेत आणि शेवटचा दहावा हिस्सा किल्ली हातात आल्यावरच सोडावा. पण प्रत्येकाने आपापली काळजी घ्यावी, एवढ्यावर समाज थांबू शकत नाही. बँक निवडताना चूक झाली म्हणून ठेवीदाराला आपण वाऱ्यावर सोडत नाही. मग आयुष्याची पुंजी विटांत घालणाऱ्याला का सोडावे? आपल्या आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत जरूर मांडावा. तो मराठीत मांडला काय किंवा कन्नडमध्ये मांडला काय, पावसात भिजणारे घर तेच आहे.