गाडी उंच होते, ॲक्सल तिथेच राहतो

नवी थार किंवा जिम्नी दारात उभी राहिली, की पेढ्यांच्या पाठोपाठ सल्ले येतात. 'दोन इंच लिफ्ट टाक, तेहतीसचे टायर घाल, मग बघ गाडी!' गाडी रुबाबदार दिसते यात वाद नाही, आणि हौसेला मोल नसतं हेही मान्य. माझं भांडण आहे ते या हौसेला 'क्षमता' म्हणून खपवणाऱ्यांशी. लिफ्ट किट आणि मोठे टायर घातल्याशिवाय एसयूव्ही डोंगरात चालतच नाही, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते मोजमापाच्या टेपपुढे टिकत नाही.

लिफ्टवाल्यांचा पक्ष आधी नीट मांडू. समोरच्याचं म्हणणं अर्धवट सांगून त्याला झोडपण्यात मर्दुमकी नाही. ते म्हणतात, सह्याद्रीतल्या वाटा खडकाळ, पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या खोल. गाडीचं पोट टेकलं की चाकं नुसती फिरत राहतात. गाडी उंच केली की पोट वाचतं आणि मोठा टायर दगडावर सहज चढतो. दुसरा मुद्दा असा, की कंपनी गाडी बनवते ती सरसकट सगळ्या गिऱ्हाइकांसाठी. रोज डांबरावर धावणाऱ्याचा विचार त्यात आधी होतो. आणि तिसरा हुकमी एक्का म्हणजे आइसलँड. तिथल्या आर्क्टिक ट्रक्स कंपनीने ३८ इंची टायर लावून तयार केलेली टोयोटा हायलक्स २००७ मध्ये 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमाच्या चमूला घेऊन चुंबकीय उत्तर ध्रुवाकडे गेली. (काटेकोर बोलायचं तर १९९६ साली तो ध्रुव जिथे होता त्या जागी.) ती ध्रुवापर्यंत जाते, मग आपण राजमाचीला का कचरायचं?

आता टेप घेऊन गाडीखाली शिरू. थारच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. वाटेतल्या दगडाशी गाठ बहुतेक वेळा त्याचीच पडते. हा ॲक्सल चाकांवर टेकलेला असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर बसते. लिफ्ट किट उचलतं ते स्प्रिंगच्या वरचं सगळं, म्हणजे चासी, बॉडी, तुम्ही आणि तुमची पाण्याची बाटली. स्प्रिंगखाली दोन इंचांचा ठोकळा घाला नाहीतर दहा इंचांचा, गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. जिम्नीला तर पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत, म्हणजे दोन्हीकडे हीच कथा.

गोळा वर न्यायचा एकच मार्ग, टायर मोठा करणे. पण तिथेही हिशेब निम्म्याने होतो. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास भरतो साधारण ७८९ मिलिमीटर. ३३ इंची टायर म्हणजे ८३८. व्यास वाढला ४९ मिलिमीटरने, पण ॲक्सल असतो मध्यावर, म्हणून तो वर जातो जेमतेम २५ मिलिमीटर. एक इंच! जिम्नीच्या १९५/८० आर १५ ऐवजी लोक हौसेने २१५/७५ घालतात. त्यात ॲक्सल वर जातो पाच मिलिमीटर. चार टायर, स्टेपनी आणि फिटिंगचं बिल हातात आल्यावर हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

न्यायाला धरून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लिफ्टने पोटाचा कोन वाढतो. शेताचा उंच बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि मधलं पोट बांधावर टेकतं, तिथे दोन इंच खरोखर कामाला येतात. पण थारचा हा कोन कारखान्यातूनच २७ अंश आहे, पुढचा ४१.८ आणि मागचा ३६.८. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपच्या घराण्याकडे पाहा. युद्धातली विलीज पावणेनऊ इंच उंच होती, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर, आणि तिचे टायर ६.००-१६ मापाचे, सडपातळ. पुढे तिच्याच वंशातली कमांडर सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणून धावली. आत माणसं कोंबलेली, टपावर पोती, कोंबड्या आणि एखादा नवरदेवाचा मामा. त्या ड्रायव्हरांनी कमानपाट्यात एखादा जादा पाटा घातला असेल, पण तो ओझ्यासाठी, 'लुक'साठी नव्हे. पाटण-जावळीच्या वाड्या-वस्त्यांना त्या गाड्या वर्षानुवर्षं पोचत राहिल्या. ड्रायव्हरला चाक कुठे ठेवायचं ते कळत होतं.

आता स्वस्तातल्या लिफ्टबद्दल, कारण आपल्याकडे बहुतेकांना मिळते ती तीच. नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची चकती स्प्रिंगवर बसवायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत गाडी परत. शॉक ॲब्सॉर्बर जुनाच, तेवढ्याच लांबीचा. गाडी वर उचलल्यामुळे तो उभ्या जागीच जास्त ताणलेला असतो, म्हणजे चाकाला खाली उतरायला उरलेली चाल तेवढीच कमी होते. खड्ड्याशी तिरकं जाऊन बघा: एक चाक वर दबतं, दुसरं खड्ड्यात उतरायला हवं, पण शॉक संपतो आणि चाक हवेत लटकतं. साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्या लटकत्या चाकाकडे ओततो. पूर्वी जिथून गाडी गुरगुरत निघत होती तिथेच ती आता एक चाक गरगर फिरवत उभी. लिफ्टसाठी पैसे मोजून पकड विकली, असा हा सौदा.

थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट कायम तिरके चालतात. त्यांचं रबरी बूट लवकर चिरतं. हे ओळखायचं कसं? पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. रिमवर काळ्या ग्रीसचे वर्तुळाकार शिंतोडे लागले तर बूट गेलं. ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि काही दिवसांत वळणावर 'टक-टक' सुरू. जिम्नीत वेगळीच गंमत होते. तिचा ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा बसवलेला असतो. गाडी वर गेली की त्या दांड्याचा कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल एका अंगाला सरकतो. वर पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, घटतो, म्हणून स्टिअरिंग सरळ राहायला कुरकुरतं, कधी वेगात थरथरतं. ज्याने लिफ्ट विकली तो तेव्हा म्हणतो, 'व्हील बॅलन्सिंग करून घ्या.'

मोठ्या टायरचाही स्वतःचा कर आहे. ३१ वरून ३३ वर गेलात की एका फेऱ्यात गाडी सुमारे सहा टक्के जास्त अंतर कापते. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा 'उंच' झाला. चढावर जो धीमा, दमदार रेटा हवा तोच कमी झाला. ब्रेकचंही तसंच: डिस्क जुनी, पण चाक मोठं आणि जड, म्हणून तेवढ्याच ब्रेकला रस्त्यावर मिळणारा जोर कमी. स्पीडोमीटर जुन्या चाकाच्या हिशेबाने बोलत राहतो. टायर मोठा की इंजिनची ताकद वाढते अशी समजूत कुठून आली कोण जाणे. होतं नेमकं उलटं. थारची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, तेव्हा जड टायरचा भार त्या बिजागऱ्यांवर पडतो. हे तक्रारींच्या यादीत शेवटी येतं, पण दार उघडताना रोज जाणवतं.

उलटण्याचं मात्र थट्टेवारी नेता येत नाही. अमेरिकेची एनएचटीएसए ही वाहनसुरक्षा संस्था गाडी उलटण्याची जोखीम ठरवताना एक साधं गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधल्या अंतराची निम्मी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची. लिफ्ट भाजक वाढवते, रुंदी तीच ठेवते. टपावर तंबू आणि जेरीकॅन चढवले की तो आणखी वाढतो. द्रुतगती मार्गावर समोर अचानक ट्रक आडवा आला आणि स्टिअरिंग झटकन फिरवावं लागलं, तर त्या भागाकाराचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

आइसलँडचं उदाहरण तर आपल्याला लागूच नाही. तिथला ३८ इंची टायर उंचीसाठी कमी आणि तरंगण्यासाठी जास्त आहे. हवा अगदी कमी करून तो भुसभुशीत बर्फावर पसरतो, रुतत नाही. आपल्या घाटातल्या चिखलाखाली हातभर खोदलं की कातळ किंवा जांभा लागतो. इथे टायरने चिखल कापून खालची घट्ट जमीन पकडायची असते. आणि आपल्याकडच्या अरुंद वाटांवर रुंद टायर म्हणजे दरीकडचं अंतर तेवढं कमी.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद करतं. 'आमच्या गावात कोणी विचारत नाही,' हे उत्तर नाक्यावर चालेल. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेयरसमोर ते टिकणार नाही.

एवढं वाचून दुसरा पक्ष टाळ्या पिटत असेल. 'आम्ही म्हणतच होतो, कंपनीने दिलंय त्याला हात लावू नका!' त्यांचंही मला पटत नाही. जिम्नी कारखान्यातून येते ती रस्त्याकडे झुकलेल्या एचटी टायरांवर. शांत, इंधन वाचवणारे, पण काळ्या मातीत दोन फेऱ्यांत त्यांच्या खाचा बुजतात आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. त्याच मापाचा चांगला एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर घालण्यात ना कायदा आड येतो, ना गिअर, ना ब्रेक. लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळपेक्षा कमी नाही, एवढं बघायचं. एमटी, म्हणजे खास चिखलाचा टायर फक्त त्याने घ्यावा जो खरोखर चिखलात राहतो. डांबरावर त्याची घरघर आणि ओल्या रस्त्यावरची घसरण सोसावी लागते.

पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते पहिला मान या एटी टायरचा, आणि त्याच्या बरोबरीने हवा मोजायच्या गेजचा नि छोट्या कॉम्प्रेसरचा. खडकाळ किंवा मऊ वाटेवर शिरताना ३२-३४ पीएसआय हवा २०च्या आसपास आणा. टायरचा टेकणारा पट्टा लांब होतो, तो दगडाला बिलगतो, गाडी कमी उडते. वेग मात्र अगदी कमी ठेवायचा आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायरच्या भिंती तापून फाटतील. लिफ्टवाला ही युक्ती सांगत नाही, कारण तिच्यात त्याला विकायला काही उरत नाही. त्यानंतर डिफरन्शियलच्या गोळ्याला आणि गिअरबॉक्सला खालून जाड पत्र्याचं संरक्षण घ्या. दगड लागणारच आहे, तो लागला तरी काही फुटू नये.

आणि लिफ्ट? लोखंडी बंपर, विंच, कायमचं सामान यांनी गाडी बसली असेल तर त्या वजनासाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक घेणं शहाणपणाचं. ती खरी दुरुस्ती, गाडी मूळ उंचीवर आणणारी. त्यापुढे जायचं तर आधी आरटीओत काय चालतं ते लेखी विचारा, विमा कंपनीला कळवा, आणि गॅरेजवाल्यापुढे तीन प्रश्न ठेवा: शॉकची लांबी किती वाढवताय? कॅस्टर आणि अलाइनमेंट कशाने दुरुस्त करणार? चाक पूर्ण लटकल्यावर ब्रेकचा होज ताणला जातो का, ते गाडी उचलून दाखवणार का? 'काही होत नाही साहेब, बिनधास्त घाला,' असं उत्तर आलं तर किल्ली परत मागून घ्या.