‘नाक’ उलटं केलं की ‘कान’



मागच्या रविवारी आपल्या मराठी वर्गाची पालकसभा झाली. मी तक्रार करायला गेलो होतो आणि लेकीची माफी मागायची असं ठरवून परत आलो. मधल्या दीड तासात काय झालं, ते आज सांगतो.

आधी तक्रार. लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. शाळेत इंग्रजी आणि गुजराती, मराठी फक्त घरात आणि रविवारी सकाळी. वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले तरी बाईंची मुळाक्षरं काही पूर्ण होईनात. गोष्टी सांगतात, चित्रं काढायला लावतात, टाळ्या वाजवत शब्द म्हणायला लावतात. मला वाटलं, असं कसं चालेल? म्हणून घरी मीच सुरुवात केली. रोज संध्याकाळी अ ते ज्ञ, एक पान. अक्षर वळणदार होऊ लागलं, मी खूश.

एकदा आजीने स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठी दाखवून विचारलं, “काय लिहिलंय गं यावर?” लिहिलं होतं ‘रवा’. लेक गप्प. “अगं, रोज लिहितेस ना र आणि व?” माझा आवाज चढला. ती रडली. त्या दिवसापासून वही काढली की तिचं पोट दुखायला लागलं.

सभेत बाईंनी भाषण केलंच नाही. फळ्यावर एक ओळ लिहिली, मोडीत. आपल्या पणजोबांच्या पिढीला सरावाची असलेली लिपी, पण आमच्यापैकी एकालाही येत नव्हती. “ही ओळ सुंदर अक्षरात पाच वेळा लिहा,” बाई म्हणाल्या. आम्ही पंधरा-वीस पालक माना खाली घालून लिहू लागलो. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं एकाला एक जोडत जायची. माझं पान तर छानच झालं.

“आता वाचा.”

सगळे गप्प. बाई हसून म्हणाल्या, “अहो, आत्ताच पाच वेळा लिहिलंत ना?”

माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं होतं. ओळ होती ‘मला भूक लागली आहे’. आम्ही लिहिलं नव्हतं, रेघा गिरवल्या होत्या. लेकही दोन महिने तेच करत होती.

मग बाईंनी वर्गात काय चालतं ते समजावलं. टाळ्यांचा खेळ कशासाठी? ‘कमळ’ हा शब्द मोठ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मुलाला मात्र तो एकसंध ऐकू येतो. त्यात क, म, ळ असे तुकडे आहेत हे आधी कानाला कळावं लागतं. कानाला कळलं की डोळ्यांना अक्षर ओळखणं सोपं जातं.

अक्षरं ओळीने का शिकवत नाहीत, याचंही उत्तर मिळालं. अ, आ, इ, ई असं पंधरा दिवस घोकलं, तर त्यातून वाचण्यासारखा शब्द मिळतो जेमतेम ‘आई’. त्याऐवजी क, म, न ही तीनच अक्षरं आणि एक काना घ्या : काका, मामा, नाना, नाक, कान, मान, काम, मका. पहिल्याच आठवड्यात आठ शब्द! शिवाय ‘नाक’ उलटं केलं की ‘कान’ होतं, हे मुलांनी स्वतःच शोधून काढलं म्हणे.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं, म्हणजे ४०८ आकार. एवढे पाठ करायचे तर मूल कंटाळणारच. पण काना, वेलांटी, उकार काय करतात हा नियम कळला, तर ३४ आणि १२ मिळून ४६ गोष्टींत काम होतं. पाठांतर आणि समज यांतला फरक मला इतक्या स्वच्छ आकड्यांत कधी दिसला नव्हता.

मुलं कुठे अडतात, तेही बाईंनी दाखवलं. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो, पण लिहिताना पहिली वेलांटी क-च्या आधी येते. ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य-च्या आधी आणि बसतो य-च्या डोक्यावर. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च लिहायला सारखे, उच्चाराला वेगळे. मूल इथे चुकलं तर तो निष्काळजीपणा नव्हे. ते कानाने ऐकलेलं लिहीत असतं.

गुजराती आणि मराठी यांचा गोंधळ होईल, ही भीती बऱ्याच जणांना होती. बाई म्हणाल्या, बाराखडीची रीत दोन्हीकडे तीच. गुजरातीतल्या ग, म, न, प, र यांना वर रेघ दिली की जवळजवळ आपलीच अक्षरं. काही दिवस रेघ विसरेल, विसरू दे.

हे काही आजचं फॅड नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम एकत्र केलं. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षकही वर्गाला गोष्टी सांगण्यापासूनच सुरुवात करतो. आजचा ‘निपुण भारत’ कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू झाला, त्याचंही उद्दिष्ट तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हेच आहे. पहिलीच्या दोन महिन्यांत नव्हे!

घरी काय करायचं, हे मी बाईंच्या शब्दांत देतो.

रोज झोपताना दहा मिनिटं मुलाला शेजारी घेऊन वाचून दाखवा, शब्दांखालून बोट फिरवत. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. पाठ झालेली गोष्ट ‘वाचल्यासारखं’ करणं ही वाचनाची पहिली पायरी आहे.

मुलांसमोर तुम्ही मराठीत लिहा. वाण्याची यादी, आजीला निरोप, काहीही. लिहिण्याचा उपयोग असतो हे त्यांना दिसू दे.

मुलाने चित्र काढलं की “काय आहे यात?” विचारा आणि ते जे सांगेल ते तसंच खाली लिहा. मग दोघं मिळून वाचा.

मुलाने काही लिहिलं तर आधी त्याला उत्तर द्या, चुका नंतर. आणि एका वेळी एकच चूक सांगा.

मूल बराच काळ अडतंय, फळा बघताना डोळे बारीक करतंय किंवा हाकेला ओ देत नाहीये असं वाटलं, तर रागावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

घरी येऊन मी लेकीला सांगितलं, “मी चुकलो. आता पानं लिहायची नाहीत.” तिने विचारलं, “उद्यापण नाही?” उद्यापण नाही. आता आम्ही रात्री वाचतो. मीही इंग्रजी माध्यमातला, जोडाक्षरांपाशी अडखळतो. ते तिला फार आवडतं.

परवा मी घरून ऑफिसचं काम करत होतो. काम संपलं तरी फोनवरच बोलत बसलो होतो. तेवढ्यात लॅपटॉपवर एक कागद येऊन पडला, त्यावर रेघ नसलेली अक्षरं : ‘बाबा फोन ठव’.

मात्रा राहिली होती. हात पेन्सिलीकडे गेलाही होता. पण निरोप पूर्ण कळला होता, म्हणून आधी फोन ठेवला.

पुढची पालकसभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. वही-पेन्सिल घेऊन या. बाई तुम्हालाही लिहायला लावतील.