काचेपलीकडचा संसार

शाळेला सुट्टी लागली, की पुण्याला गेलेली मंडळी शनिवारवाडा, सिंहगड, सारसबाग पाहून झाल्यावर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे वळतात. तिथे कुणालाही सहज दिसावे असे एक दृश्य. मुले पुढे पळालेली, आईवडील त्यांच्या मागे, आणि आजी मात्र एका काचेच्या कपाटासमोर थबकलेली.

‘‘अगं सूनबाई, ही बघ वज्री! अगदी अशीच होती माझ्या आजेसासूबाईंची.’’

‘‘वज्री म्हणजे काय गं आजी?’’ नातू माघारी येऊन विचारतो.

आजी सांगायला तोंड उघडते, तोच पुढच्या दालनातून हाक येते, ‘‘चला चला, अजून मस्तानी महाल पाहायचाय!’’ सगळे पुढे जातात. नातवाचा प्रश्न आणि आजीचे उत्तर, दोन्ही तिथेच राहतात. संग्रहालय पाहायला गेलेल्या कुटुंबाचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

एका पित्याचे स्मारक

हे संग्रहालय उभे राहिले तेच मुळी एका घरातल्या दुःखातून. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. चष्म्यांचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहान वयातच गेला. त्याचे नाव या संग्रहाला देऊन केळकरांनी जन्मभर त्याची आठवण जपली. दारावरच्या पाटीवर वडिलांच्या नावाआधी मुलाचे नाव आहे, ते त्यामुळे.

सुमारे १९२० पासून सुरू झालेला हा छंद पुढे ध्यासच बनला. गावोगाव हिंडावे, जुने वाडे धुंडाळावेत, लोकांना अडगळ वाटणारी वस्तू मागून किंवा विकत आणावी, असा हा उद्योग. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोलाची साथ मिळाली. वीस हजारांहून अधिक वस्तू गोळा झाल्या. त्यातल्या बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. आपल्या हयातीतच केळकरांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. १९९० साली ते निवर्तले.

राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि सिंहासने जपणारी संग्रहालये पुष्कळ आहेत. केळकरांचे वेगळेपण असे, की त्यांनी दिवे, कुलपे, दौती, अडकित्ते, करंडे, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, मुलांची खेळणी यांनाही तोच मान दिला. यातल्या बहुतेक वस्तू घडवणाऱ्या कारागिरांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. ‘अज्ञातवासी’ कवीने अशा अज्ञात हातांची कदर करावी, हाही एक योगच म्हणायचा.

वस्तू बोलतात, पण...

आता त्या वज्रीकडे पुन्हा पाहू. पायाच्या टाचा घासायचे हे धातूचे साधन. खालची बाजू खरखरीत, वर धरायला एखादा पक्षी किंवा प्राणी. काही वज्र्या आतून पोकळ असून त्यांत बारीक खडे भरलेले असत. घासताना त्यांचा मंजुळ आवाज होई. अनवाणी चालून, शेणामातीत वावरून बायकांच्या टाचांना भेगा पडत. दिवसभर घरासाठी राबणाऱ्या त्या बाईच्या वाट्याला न्हाणीघरातले जे चार निवांत क्षण येत, त्यांना वज्रीची सोबत असे. पाटीवर ‘वज्री, पितळ’ एवढेच असेल, तर हे कुणी सांगायचे?

शेजारचे अडकित्ते पाहा. कुणी पोपटाच्या आकाराचा, कुणी घोड्याच्या. काम एकच, सुपारी कातरायचे. पण आलेल्या पाहुण्यापुढे पानाचे तबक सरकवणे हा आदरातिथ्याचा भाग होता. लग्न ठरले, की ‘सुपारी फुटली’ असे म्हणत. आज वर्तमानपत्रात ‘सुपारी’ हा शब्द भलत्याच अर्थाने वाचणाऱ्या मुलांना हे ऐकून गंमत वाटेल.

विंचवाच्या आकाराच्या कुलपासमोर तर मुले हटकून रेंगाळतात. कुलपाने चोराला नुसते अडवायचे नाही, तर घाबरवायचेही, अशी त्या कारागिराची कल्पना असावी!

प्रत्येक वस्तूमागे असा एक संसार उभा आहे. मात्र काचेतली वस्तू अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली गोष्ट ती वापरलेल्या माणसांपाशी असते. वस्तू काचेआड शंभर वर्षे टिकेल, माणसे तेवढी थांबत नाहीत.

पाहावे कसे?

म्हणूनच अशा ठिकाणी जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य न्यावे. ‘त्यांना चालवणार नाही, जिने चढवणार नाहीत’ म्हणून घरी ठेवू नये. एकच मजला पाहिला तरी चालेल, पण त्यांच्या चालीने पाहावा. इथे सुमारे अडीच हजार वस्तू मांडलेल्या आहेत. तासाभरात सगळे उरकायचे म्हटले, तर डोळे फक्त फिरतात, दिसत काहीच नाही.

मुलांना आधीच सांगावे, की प्रत्येकाने आपल्या आवडीची एकच वस्तू निवडायची आणि घरी आल्यावर तिचे चित्र काढायचे. काचेला हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, हे ओघाने आलेच. कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल जरूर पाहावा, पण त्यासाठी आजीला घाई करू नये.

पुणे लांब पडत असेल, तरी हिरमुसण्याचे कारण नाही. अहमदाबादला ‘विशाला’ उपाहारगृहाच्या आवारात ‘वेचार’ हे खास भांड्यांचेच संग्रहालय आहे. भोपाळच्या श्यामला टेकडीवर मानव संग्रहालयात आदिवासींची घरेच्या घरे उघड्यावर उभारलेली आहेत. आपल्या शहरातही एखादे लहानसे संग्रहालय असेल. कितीदा जवळून जाऊनही आपण आत डोकावलेले नसते, एवढेच.

माळ्यावरचा खजिना

आणि खरे सांगायचे, तर पहिले संग्रहालय आपल्याच घराच्या माळ्यावर असते. स्टीलची भांडी आली तेव्हा घरोघरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. घंगाळी, बंब, पंचपाळी, समया तराजूत बसल्या आणि त्यांच्या मोबदल्यात चकचकीत डबे घरी आले. त्यात त्या वेळच्या गृहिणींचा काही दोष नव्हता. कल्हईचा आणि चिंचेने घासण्याचा त्रास ज्यांना होता, त्यांना स्टील हे वरदानच वाटले. लहान घरात सगळे जपून ठेवणे आजही शक्य नाही.

पण एक गोष्ट प्रत्येकाला जमण्याजोगी आहे. जुनी वस्तू घराबाहेर काढण्याआधी घरातल्या ज्येष्ठांना तिच्याविषयी विचारावे. हिला काय म्हणत? कुणाच्या माहेरून आली? हिच्यात काय शिजत असे? मिळालेली माहिती एका वहीत टिपून ठेवावी, जवळ वस्तूचा फोटो चिकटवावा. वही लिहिण्याचे काम नातवंडांकडे दिले तर फारच उत्तम. आजीला श्रोता मिळेल, नातवंडांना गोष्ट मिळेल. जी वस्तू ठेवायची ठरेल, तिच्यासोबत ही वहीही पुढच्या पिढीकडे जाईल.

केळकरांनी जपलेल्या वस्तूंमुळे एका मुलाचे नाव आजही हजारो लोकांच्या तोंडी येते. आपल्या घरातल्या माणसांची आठवण ठेवायला एवढी मोठी वास्तू नको, वीस हजार वस्तूही नकोत. एखादा अडकित्ता, एखादे पंचपाळे आणि त्याची चार ओळींची हकिकत पुरेशी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी नातवाने ‘‘वज्री म्हणजे काय गं आजी?’’ असे विचारले, तर बाकीच्यांनी घटकाभर थांबावे. मस्तानी महाल कुठे पळून जात नाही. आजीला मात्र आताच सांगू द्यावे.