घरातील समुद्र : आधी नियोजन, मग खरेदी

घरी खाऱ्या पाण्याची टाकी उभारून प्रवाळसृष्टी साकारण्याची हौस मोहक आहे. परंतु तिची आखणी गृहकर्जाइतक्याच गांभीर्याने व्हावी, असे मला वाटते.

लहान टाकी सोपी, हा समज चुकीचा होय. थोड्या पाण्यात क्षार व तापमान झपाट्याने बदलतात. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ उरते. म्हणून ती तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा आणू नये. मुदत ठेव अवेळी मोडली तर व्याज घटते, येथे जीव जातो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रवाळभित्ती घडविणाऱ्या कठीण प्रवाळांना व समुद्री घोड्यांना आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून संरक्षण आहे. विक्रेता काहीही सांगो, ते घेऊ नयेत. कृत्रिम खडक आणि संवर्धन केंद्रात वाढविलेली क्लाउनफिशची जोडी एवढ्यानेही टाकी शोभते. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने या माशाच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे.

समुद्राचे मुद्दल अबाधित राहावे. आपण व्याजावर समाधान मानावे.